तीव्र सीओपीडीत व्यायाम करताना श्वासाला आधार : ऑक्सिजन, बायपॅप की आणखी काही?

पांझराकाठ

तीव्र सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार) पेशंटला दहा पावलांत धाप लागते आणि घरात एकच उपाय बोलला जातो: ऑक्सिजन लावा. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा अडचण ऑक्सिजनची नसते. आत घेतलेली हवा बाहेर पडत नाही, हा खरा अडसर असतो.

हिशेब करून बघा. बसल्या जागी मिनिटाला १५ श्वास धरले तर एका श्वासाला ४ सेकंद मिळतात. १ सेकंद आत, ३ सेकंद बाहेर. चालायला लागलं की श्वास ३० वर जातात, एका श्वासाला २ सेकंद. आत घ्यायला पाऊण सेकंद गेला तर सोडायला सव्वाच उरला. अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून तेवढ्या वेळात सगळी हवा निघत नाही. दर श्वासामागे थोडी शिल्लक राहते, छाती फुगत जाते, पोट आणि छातीमधला पडदा सपाट होतो. मग पुढचा श्वास म्हणजे गच्च भरलेल्या बोदात आणखी कापूस दाबण्यासारखं काम. ऑक्सिमीटरवर ९३ दिसत असताना माणूस दारापाशी थांबतो, तो यामुळे.

आपल्याकडे विडीवाल्यांबरोबरच चुलीवर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) जाळून फुफ्फुसं खराब झालेल्या बायकाही आहेत. त्यांना "आता बसून राहा" असं सांगितलं जातं, आणि बसून बसून मांड्या वाळतात. अशक्त स्नायू त्याच कामाला जास्त हवा मागतात, म्हणजे धाप आणखी वाढते.

तर प्रश्न: बायपॅप (मास्कमधून दोन दाबांनी हवा देणारं यंत्र) लावून पाय चालवावेत का? कोणी, किती दाबावर, घरी की श्वसन-व्यायामाच्या केंद्रातच? ऑक्सिजन नेमका कधी? आकड्यांसकट लिहा.

---

गिरणाथडी

चांगला विषय. माझा प्रतिसाद फक्त बायपॅपपुरता.

बायपॅप दोन कामं करतो. श्वास घेताना वरचा दाब (आयपॅप) हवा आत ढकलतो, म्हणजे बरगड्यांच्या स्नायूंचं ओझं यंत्र उचलतं. श्वास सोडतानाचा खालचा दाब (ईपॅप) कमी महत्त्वाचा वाटतो, पण सीओपीडीत त्याला मोठं काम आहे. अडकलेल्या हवेमुळे श्वास सोडून झाल्यावरही आत दाब शिल्लक राहतो. नवा श्वास घ्यायचा तर स्नायूंना आधी तो दाब मोडून काढावा लागतो, त्यानंतरच हवा आत सरकते. बाहेरून ४-५ सेंमी पाण्याइतका दाब दिला की ती चढण कमी होते.

व्यायामात साधारण सुरुवात आयपॅप १२, ईपॅप ४ पासून करतात आणि सोसवेल तसा आयपॅप १६-१८ पर्यंत नेतात. दोन्हींतला फरक १० च्या आसपास नसेल तर पेडल मारताना आधार फारसा जाणवत नाही. दाबाइतकंच वेळेचं गणित बघायचं. दाब चढण्याचा वेळ (राइज टाइम) कमीत कमी ठेवा, कारण दमलेल्या माणसाला हवा लगेच हवी असते. आत ढकलणं लवकर थांबवा. यंत्राच्या भाषेत त्याला सायकल म्हणतात. आत येणारा प्रवाह कमालीच्या किती टक्क्यांवर उतरला की थांबायचं, तो हा आकडा. सीओपीडीत तो ४० ते ५० टक्क्यांवर ठेवतात, आणि श्वास घेण्याची कमाल वेळ १ सेकंदाच्या आसपास बांधतात. ती दीड-दोन सेकंदांवर राहिली तर पांझराकाठांनी मांडलेला सव्वा सेकंदही यंत्रच खाऊन टाकतं. "मशीन लावल्यावर जास्तच कोंडतंय" ही तक्रार आली की दाबाआधी हे तपासा.

हे आकडे डॉक्टरांनी किंवा श्वसन-फिजिओंनी पेशंट समोर बसवून लावायचे. घरी बटणं फिरवून बघायचे नाहीत.

---

वाघूर

सीपॅप असेल तर चालेल का? घोरण्यासाठी घेतलेलं मशीन बऱ्याच घरांत पडून असतं.

---

गिरणाथडी

@वाघूर, नाही. सीपॅपचा दाब एकच, तो श्वास घेताना वाढत नाही. स्नायूंचं ओझं उचलायला दोन दाबांतला फरक लागतो. शिवाय दुसऱ्याचं यंत्र दुसऱ्याच्या आकड्यांवर असतं.

---

केळीचं_पान

पांझराकाठ दादा, रोख पटला, पण ऑक्सिजनला इतकं बाजूला सारू नका. चालताना ज्याचं सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा टक्क्यांचा आकडा) घसरतं त्याला ऑक्सिजन दिला की श्वासाची गती थोडी उतरते. गती उतरली की सोडायला वेळ मिळतो, म्हणजे हवा कमी अडकते. तुमचाच हिशेब, दुसऱ्या दारातून.

मात्र कोणाला द्यायचा याचे नियम स्पष्ट आहेत. विश्रांतीत रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी पारा किंवा त्याखाली असेल, किंवा सॅच्युरेशन ८८ टक्के वा त्याखाली असेल, तर दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन लागतो. त्याने आयुष्य वाढतं हे १९८० आणि १९८१ च्या दोन जुन्या अभ्यासांतून दिसलं. ज्यांचं सॅच्युरेशन विश्रांतीत ८९ ते ९३ असतं किंवा फक्त चालताना मध्यम घसरतं, अशा ७३८ जणांवरच्या अमेरिकेतल्या २०१६ च्या चाचणीत ऑक्सिजनने मृत्यू किंवा दवाखान्यात भरती व्हायची पाळी लांबली नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत चालताना सॅच्युरेशन घसरणाऱ्या १११ जणांना ८ आठवडे व्यायाम दिला, काहींना ऑक्सिजनवर आणि काहींना साध्या हवेवर. दोन्हीकडे सारखीच सुधारणा. फळ व्यायामाचं होतं.

म्हणून व्यायामाच्या वेळी ऑक्सिजनचं उद्दिष्ट इतकंच की सॅच्युरेशन ८८ च्या खाली जाऊ नये. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं. "९९ करून टाका" हा हट्ट त्यांना घातक आहे. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, पुढे केलेले हात फडफडणं, ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची लक्षणं. अशांची रक्तवायू तपासणी आधी करा, व्यायामाचं नंतर बघू.

---

सातपुडा_पायथा

मी थोडा विरोधात बोलतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर बायपॅप आणि सायकल कोण आणणार? बिनखर्चाचे आधार आधी पूर्ण वापरून झाले का, ते बघा.

पहिला, पंप. श्वासनळी रुंदावणारं औषध (साधारण सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे २ पफ, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तसं) व्यायामाआधी १५-२० मिनिटं, आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच. स्पेसरशिवाय मारलेलं औषध बरंचसं घशात चिकटतं. एका वेळी एकच पफ, पंप दर वेळी हलवून, दोन पफमध्ये अर्धा मिनिट.

दुसरा, ओठांचा चंबू. नाकाने २ मोजेपर्यंत घ्या, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून ४ मोजेपर्यंत सोडा. ओठांमुळे नळ्यांत थोडा दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत. जोर लावून फुंकायचं नाही, जोर लावला की नळ्या आणखी दबतात. जोर लागणारी हालचाल, म्हणजे उठणं, पायरी चढणं, हंडा उचलणं, नेहमी श्वास सोडताना करा.

तिसरा, हातांना टेकू. चाकाचा वॉकर धरून किंचित पुढे वाकून चाललं की खांदे स्थिर होतात, मानेचे-छातीचे स्नायू श्वासाला मोकळे मिळतात आणि पडद्याची ठेवणही सुधारते. वॉकर नसेल तर ओट्याला टेकून जागच्या जागी पावलं टाका. आठवडी बाजारातली हातगाडी ढकलणारा म्हातारा रिकाम्या हाताने चालण्यापेक्षा लांब जातो, त्याचं कारण हेच.

चौथा, चेहऱ्यावर वारा. बॅटरीवरचा छोटा हातपंखा गालांपासून वीतभर अंतरावर धरला की धापेची जाणीव कमी होते. सॅच्युरेशन बदलत नाही, जाणीव बदलते, पण थांबल्यावर सावरायला तीच उपयोगी पडते.

पाचवा, तुकडे पाडून व्यायाम. ३० सेकंद पेडल, ३० सेकंद थांबा. हवा फुगायच्या आत विश्रांती मिळते. सलग ३ मिनिटं न जमणारे लोक असे तुकडे जोडून १५-२० मिनिटांचं काम करतात.

यावरही पाय थकायच्या आधी श्वासच थांबवत असेल, तेव्हा बायपॅपचा विचार.

---

पांझराकाठ

सातपुडा भाऊ, विरोध कसला, हाच क्रम हवा. मीही बायपॅप पहिल्या दिवशी लावा म्हणत नाही. शेवटचं वाक्य तर माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे: थांबल्यावर विचारायचं, "पाय दुखले की श्वास संपला?" पाय दुखले म्हणणाऱ्याला बायपॅपचा फायदा कमी.

---

नंदुरबारी

भाऊ, धागा भू कामना शे (फार कामाचा आहे)! स्पेसरचं वाचून आजच मेडिकलमध्ये विचारतो.

---

अनेर

जोडणीबद्दल लिहितो, बिघाड बहुतेक तिथेच होतात.

मास्क नाक-तोंड झाकणारा घ्या. व्यायामात तोंड उघडतंच, नुसत्या नाकाच्या मास्कमधून सगळा दाब तोंडावाटे जातो. एकाच नळीच्या घरगुती बायपॅपला भोकं असलेला (व्हेंटेड) मास्क लागतो, कारण सोडलेली हवा त्या भोकांतूनच बाहेर जाते. मास्क बिनभोकाचा असेल तर नळीत वेगळा एक्झेलेशन पोर्ट (सोडलेली हवा बाहेर जायची जागा) हवाच. ही भोकं "हवा गळते" म्हणून चिकटपट्टीने बंद केलेली असतात. तसं केलं की पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. ती गळती मुद्दाम ठेवलेली आहे, हात लावू नका.

खरी गळती डोळ्यांकडे येते. घामाने मास्क घसरला की वरचे पट्टे ओढायचा मोह होतो, त्याऐवजी मास्क पुसा, एकदा उचलून पुन्हा बसवा, पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकंच आवळा. दाढी असेल तर गळती वाढते.

नळी साधारण ६ फुटांची असते. त्यामुळे बायपॅपवर रस्त्याने फिरता येत नाही. स्थिर सायकल, खुर्चीसमोर ठेवायचं पेडल, खुर्चीतून ऊठबस, जागच्या जागी पावलं, एवढंच. नळी पाठीमागून खांद्यावर घेऊन बनियनला क्लिप लावा, म्हणजे गुडघ्यात अडकत नाही.

ऑक्सिजन जोडायचा तर यंत्राच्या तोंडाशी अडॅप्टरने किंवा मास्कच्या छोट्या पोर्टमधून. क्रम पाठ करा: आधी बायपॅप चालू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग बायपॅप. उलट केलं तर ऑक्सिजन बंद यंत्रात साठतो आणि आगीचा धोका होतो. आणखी एक, नाकातल्या नळीवर २ लिटरने ९१ येत असेल तरी बायपॅपमध्ये तेच २ लिटर पुरतील असं नाही, यंत्राच्या मोठ्या प्रवाहात ऑक्सिजन पातळ होतो. ऑक्सिमीटर बघून फिजिओ ठरवतील.

पिशवीतला पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) बायपॅपला जोडू नका. तो नाकातला ओढा ओळखून झटक्याने ऑक्सिजन सोडतो, बायपॅपच्या नळीत त्याला ओढा समजत नाही. त्यावरचा "२" म्हणजे मिनिटाला २ लिटर असंही नाही. विकत घेण्याआधी ते लावून प्रत्यक्ष चालून सॅच्युरेशन बघा, कारण तोंडाने श्वास घेणाऱ्याचा ओढा ते चुकवतं.

---

बुराई

अनेर सरांच्या जोडीला वीज आणि ऊन. खान्देशात हे दोन्ही विसरून चालत नाही.

५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट खातो. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, तूट धरून कॉन्सन्ट्रेटर तीन-चार तास चालेल, तेही बॅटरी नवी असताना. बायपॅप, त्याचा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं भांडं) बंद ठेवला तर, फार कमी घेतो, तो रात्र काढतो. म्हणून वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरसाठी सिलिंडर जवळ हवाच.

सिलिंडरचा हिशेब सोपा: पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचा दाब. बी टाइप १० लिटरचा, भरलेला १५० किलो दाबाचा, म्हणजे सुमारे १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. गेज ५० वर आला की ५०० लिटर, म्हणजे चार तासांच्या आसपास. तळ गाठेपर्यंत थांबू नका. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदा पांढरा, घेताना रंग बघून घ्या. रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलिन काही लावायचं नाही. गळती साबणाच्या फेसाने तपासा. चूल, समई, उदबत्ती, विडी यांच्यापासून १० फूट लांब.

आता ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. बहुतेक कॉन्सन्ट्रेटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत भिंतीला चिकटवून ठेवलं की ते तापतं, ऑक्सिजनची शुद्धता उतरते, अलार्म वाजतो किंवा बंद पडतं. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड नाही, कूलरच्या ओल्या झोतातही नाही. जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. जिनिंगच्या हंगामात कापसाची कूस उडते तेव्हा दोनदा.

बोअरचं पाणी ह्युमिडिफायरच्या भांड्यात घालू नका, आठ दिवसांत पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी घाला आणि रोज बदला. नाकातल्या नळीवर ४ लिटरपर्यंत बाटलीतल्या पाण्याची तशी गरजही नसते.

उन्हाळ्यात व्यायाम सकाळी ६ ते साडेसात. थंडीत उलट, ऊन वर आल्यावर ९ नंतर. पहाटेच्या गार हवेने आणि शेकोट्यांच्या धुराने नळ्या आवळतात.

---

शेवभाजी

खाण्याचं कोणी लिहिलं नाही. पोट भरलेलं असेल तर पडदा खाली उतरायला जागा नाही, त्यात बायपॅपची हवा पोटात जाते. भरीत-पुरी किंवा कळण्याची भाकरी पोटभर झाल्यावर दोन तास तरी पेडल नको. थोडं थोडं, पाच वेळा खा. पोट सारखं फुगत असेल तर दाब जास्त आहे का ते दाखवा. पण उपाशीही नको, वजन उतरत असलेल्या सीओपीडीवाल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे वाढवायलाच लागतात. भरीत सोडायचं नाही, वेळ बदलायची.

---

वाघूर

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं खेळणं मिळतं ते रोज फुंकलं तर हे सगळं टळेल का?

---

गिरणाथडी

ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! त्यातल्या गोळ्या सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलि प्रवाहावर उचलतात. ते ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायला चांगलं, पण त्यात मोजून वाढवता येईल असा विरोध नाही. श्वासाचे स्नायू बळकट करायला स्प्रिंगचा विरोध असलेलं वेगळं उपकरण असतं. कमाल ओढीच्या ३० टक्क्यांच्या आसपास विरोध लावून ३० श्वास, दिवसातून दोनदा. तरीही पायांच्या व्यायामाची जागा ते घेत नाही.

---

तापीकाठ

तोरणमाळला नेता येईल का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ते हजार मीटरहून उंच आहे, हवेचा दाब कमी, म्हणून खाली ९० असलेलं सॅच्युरेशन वर आणखी उतरतं. खालीच ९२ च्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि वर गेल्यावर पहिल्या दिवशी फिरणं नाही.

क्षयाने खराब झालेल्या फुफ्फुसांनाही हा व्यायाम उपयोगी आहे. फक्त नवा खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर आधी थुंकी तपासा. कारण बायपॅप लावला की मास्कच्या भोकांतून पेशंटचा श्वास जोरात खोलीत पसरतो, आणि त्याबरोबर क्षयही. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या उरोरोग विभागात दाखवता येईल.

---

केळीचं_पान

कधी करायचं नाही ते एका जागी लिहून ठेवते. विश्रांतीत नाडी १२० च्या वर, रक्तदाब १८०/१०० च्या वर, ताप, बेडका हिरवा-पिवळा होऊन वाढलेला, छातीत दुखणं, नुकताच हृदयविकाराचा झटका: त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. आधी कधी फुफ्फुस फाटून छातीत हवा शिरली असेल किंवा सीटी स्कॅनमध्ये मोठे हवेचे फुगे असतील तर बायपॅप लावण्याआधी छातीच्या डॉक्टरांचा होकार लागतो. व्यायाम चालू असताना एका बाजूला अचानक कळ आणि धाप वाढली तर मास्क काढा आणि थेट दवाखाना.

थांबायचे आकडे: सॅच्युरेशन ८८ च्या खाली, चक्कर, ओठ काळेनिळे. ऑक्सिमीटर मेंदी-नेलपॉलिश नसलेल्या कोमट बोटाला लावा, मूठ वळू देऊ नका, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या.

---

पांझराकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. सगळ्यांचं वाचून घरी कोणाला बायपॅपवर व्यायाम द्यावा याबद्दल मत पक्कं झालं: ज्याच्या घरी रात्रीसाठी बायपॅप आधीच दिलेला आहे, मास्क अंगवळणी पडलेला आहे आणि श्वासच आधी संपतो, तो पहिला उमेदवार. फक्त व्यायामासाठी नवं यंत्र घेण्याआधी केंद्रात चाचणी झालीच पाहिजे. रात्रीचा दाब बऱ्याचदा खूप वर असतो, व्यायामाचा वेगळा लावावा लागतो. काही यंत्रांत दोन प्रोग्रॅम साठवता येतात, ते विचारून घ्या.

चाचणी अशी. एका दिवशी ठरलेल्या ओझ्यावर पेडल, बायपॅपशिवाय, थांबेपर्यंत. दर मिनिटाला धापेला ० ते १० गुण विचारायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच पंप, तेच ओझं, बायपॅप लावून. आधी ५ मिनिटं मास्कवर नुसतं बसवायचं, मग पेडल. मिनिटं वाढली किंवा त्याच मिनिटाला गुण उतरले तर ठेवा. काहीच फरक नसेल तर यंत्राचा हट्ट नको, सातपुडा भाऊंच्या पाच गोष्टींवर जोर द्या.

फरक पडला तर आठवड्यातून तीनदा, ८ आठवडे, धाप ४ ते ६ गुणांत ठेवून. बायपॅपमुळे वाचलेला दम आरामात घालवायचा नाही, तो ओझं वाढवायला वापरायचा. नाहीतर पायांना नवीन काही मिळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी ३० मीटरच्या सरळ पट्ट्यात ६ मिनिटांची चाल मोजा, ती बायपॅपशिवाय. ३० मीटरच्या आसपास वाढ म्हणजे खरी सुधारणा धरतात.

---

सातपुडा_पायथा

आता पूर्ण पटलं. शाळेच्या व्हरांड्यात ३० मीटर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारता येतील, पाड्यावरही जमेल. दर ३ मीटरला एक खूण करा, म्हणजे सहा मिनिटं भरली तेव्हा माणूस मध्येच कुठे थांबला ते मोजता येईल. आणि वळायच्या दोन्ही टोकांना खुर्ची ठेवा.